बाळाप्पाचे सोमवार

बाळाप्पा फौंड्रीत मोल्डर होता आणि मी भट्टीवर. उद्यमनगरात एकाच शेडखाली आम्ही सव्वीस वर्षं काढली. तो वाळूचा साचा भरायचा, मी त्यात लोखंडाचा रस ओतायचो. साचा कसा भरलाय हे ओतणाऱ्याला लगेच कळतं. वाळूत ओल जास्त राहिली की रस उसळतो आणि अंगावर येतो. माझ्या हातापायांवर भाजल्याचे सात डाग आहेत. त्यातला एकही बाळाप्पाच्या साच्याचा नाही.

माणूस बुटका, बोलणं कमी. कपाळावर विभूती असायची, ती दहा वाजेपर्यंत घामानं धुऊन जायची. गळ्यात चांदीचा करंडा, त्यात त्याचं इष्टलिंग. रोज सकाळी लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. घर कसबा बावड्यात. बायको शिवम्मा संकेश्वरकडची, रागावली की कानडीत बोलायची. मुलगी एकच, प्रेरणा, आईला अव्वा म्हणायची. त्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही.

आणि हा माणूस मासे धरायचा.

हे त्याला गणपतरावांनी लावलं. गणपतराव आमच्या गेटवर वॉचमन होते. तरुणपणी ते संस्थानच्या शिकारखान्यात कामाला होते, साहेब लोक नदीवर आले की त्यांची काठी-पेटी उचलायचे. साहेब गेले, शिकारखाना गेला, गणपतरावांच्या हातात ती विद्या तेवढी राहिली. फौंड्रीत शंभर माणसं होती. शिकवायला त्यांनी बाळाप्पाच निवडला. आम्ही विचारलं, ह्यालाच का? तर म्हणाले, "ह्याचा हात वाळूचा हाय. किती दाबायचं ते ह्याला कळतंय. तुमी समदी घण मारणारी."

या पद्धतीत गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस गळाला असं बांधायचं की पाण्यावर पडलं की किडा वाटावं. पीस बांधायला बाळाप्पा मोटार रिवाइंडिंगवाल्याकडनं तांब्याची केसाएवढी तार आणायचा. गळाच्या टोकाला जी उलटी नखी असते ती तो कानशीनं घासून सपाट करायचा. नखी असली की मासा सुटत नाही, आणि काढताना तोंड फाटतं. काठी मेसाच्या बांबूची, स्वतः तासलेली. सुताची दोरी स्वतः वळलेली, मधे जाड आणि टोकाला निमुळती, वर मेण चोळलेलं. तिच्या टोकाला तीन हात तंगूस, नायलॉनचा पारदर्शक धागा. दोरी गुंडाळायची चकरी पॅटर्न शॉपमधल्या लेथवर सागवानाची काढून घेतलेली. ती दोरी त्यानं पाच वेळा उसवून पुन्हा वळली होती. पाच वेळा म्हणजे पाच पावसाळे.

काठी मागं न्यायची, दोरी हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढं. घाई केली की दोरी फटकन वाजते आणि पीस तुटतं. उशीर केला की मागच्या झुडपात. मी एकदा करून बघितलं. पहिल्या फेकीत गळ माझ्याच कानात रुतला. बाळाप्पानं तो काढला, नखी घासलेली होती म्हणून सहज निघाला. काढता काढता म्हणाला, "मोठा घावला की रं केरबा. सोडू का ठेवू?"

आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारची. बाळाप्पाच्या घरी सोमवार म्हणजे शंकराचा वार, उपवासाचा. शिमग्यापासून पाडव्यानंतर दोन-तीन आठवड्यांपर्यंत तो दर सोमवारी पहाटे पूजा करून पहिल्या एसटीनं पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला कासारी नदीवर जायचा. तेवढ्याच दिवसांत पाणी काचेसारखं असतं, करंज फुलतो, त्यावरचे किडे पाण्यात पडतात आणि ते खायला महाशीर वर येतो. एसटीतनं उतरलं की अडीच मैल चाल. एका वाकड्या उंबराखाली डोह होता. तिथं मांडीएवढ्या पाण्यात तो उभा राहायचा, उपाशी, दुपारपर्यंत. मी काठावर बसून भाकरी खायचो. एका वर्षी त्याचे पहिले चार सोमवार रिकामे गेले. पाचव्या सोमवारी तो तितक्याच सावकाशीनं काठी मागं नेत होता.

मासा लागला की तो करंडा गळ्यातनं फिरवून पाठीवर टाकायचा, वाकायचा, आणि मासा पाण्यातच धरून गळ काढायचा. कधी बघण्यासाठी वर उचलायचा. त्याचा नियम होता: मासा पाण्याबाहेर आला की आपण श्वास धरायचा. आपला श्वास सुटायला आला की मासा पाण्यात. "त्यो तकडं गुदमरतोय आन् आपुन हितं हवा खात बघायचं, हे बरं न्हवं," म्हणायचा. मग माशाचं तोंड प्रवाहाकडं करून दोन्ही हातांत धरून ठेवायचा. माशानं स्वतः शेपूट मारली की हात उघडायचे. त्याच्या हातनं मासा मेलेला मी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता.

घरी गेल्यावर शिवम्मा त्याला मोरीत येऊ द्यायची नाही. परड्यात आंघोळ, कपडे वेगळे. ती चिडायची, पण तिनं ते गिळलं होतं. भावकीत मात्र कुणाला माहीत नव्हतं. बाळाप्पा सांगत नव्हता, कुणी विचारत नव्हतं.

नव्व्याण्णव सालच्या फाल्गुनात प्रेरणाला गडहिंग्लजचं स्थळ आलं. चनबसाप्पा, मिरचीचे अडत व्यापारी, घर सोवळ्याचं, मठात मान. मुलगा सोमेश इंजिनियर, पुण्याला नोकरी. मुलगी बी.कॉम. होती, दिसायला चांगली होती, पण बाप मोल्डर. असं स्थळ दुसऱ्यांदा दारात येणार नव्हतं. बाळाप्पाला ते माहीत होतं. त्या आठवड्यात त्यानं मला दोनदा सांगितलं, "केरबा, एवढं जुळलं की मी सुटलो."

आमच्याकडं स्थळ आलं की चौकशीला माणूस जातो. घरी नाही, कामाच्या ठिकाणी. बाप पितो का, उधारी करतो का, भांडकुदळ आहे का. चनबसाप्पांचे धाकटे भाऊ शिवप्रसाद एक दिवस जेवणाच्या सुट्टीत गेटवर आले. पांढरा शर्ट, हातात छत्री, उन्हाची. नव्या वॉचमननं मला बोलावलं, कारण बाळाप्पाबरोबर जेवणारा मीच.

"बसा पावणं," मी म्हणालो. "चा घेणार?"

"चहा झाला. माणूस कसा आहे तेवढं सांगा."

मी साच्यांचं सांगितलं. माझे डाग दाखवले. दारू नाही, तंबाखू नाही, पगार घरात.

"हे सगळेच सांगतात हो," शिवप्रसाद हसले. "आम्ही काय व्याह्याला साचे भरायला लावणार आहे? मनानं कसा आहे?"

मला वाईट वाटलं. एवढ्या कसबी माणसाची किंमत ह्यांना कळेना. मनानं कसा हे सांगायला माझ्याकडं एकच गोष्ट होती, माझ्या मते सगळ्यांत मोठी. ती मी सांगितली. पीस, काठी, उपाशी उभं राहणं, श्वास धरणं, आणि हातात आलेला पाच किलोचा मासा सोडून देणं. "असा माणूस दिवा घेऊन हुडकला तरी घावायचा न्हाई," मी म्हणालो. "आमी असतो तर रस्सा केला असता की."

शिवप्रसाद ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "सोमवारी?"

"व्हय, सुट्टी असती न्हवं."

ते उठले. मी कामावर परत गेलो तो खूश होऊन. त्या दिवशी मी चांगलं ओतकाम केलं, अजून आठवतंय.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. मुलीचा बाप सोमवारी मासे मारतो असं कळतं. विचार करावा लागेल.

मी बाळाप्पाच्या घरी गेलो. शिवम्मा चुलीपुढनं उठलीच नाही.

"या भावजी. माझ्या पोरीचं चांगलं सांगून आलासा."

"वैनी, मी मारतो म्हणलो न्हाई. सोडतो म्हणलो."

"मासं धरतंय एवढं ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतंय? तुमच्यात पोरगी बघायला आल्यावर बापाचे गुण सांगताना हे सांगत्यात?" मग ती कानडीत बोलू लागली. मला शब्द कळले नाहीत. कळायची गरज नव्हती.

बाळाप्पा बसून होता. तो म्हणाला, "दाखवू या त्यास्नी."

"काय दाखवायचं?"

"कसं सोडतो ते. डोळ्यानं बघितलं की पटंल. साचा उघडून दाखवल्याबिगर गिऱ्हाईक तरी कुटं पैसं देतंय?"

शिवम्मा म्हणाली, "अहो, जाऊन पाया पडा, सोडलं म्हणा, विषय संपला."

"मी खोटं काय केलंय म्हणून पाया पडू?"

सगळ्यांत सोपा रस्ता शिवम्माचा होता. पण बाळाप्पानं आयुष्यभर काम दाखवून भाकरी मिळवली होती. काम दाखवलं की माणूस मान्य करतो, असा त्याचा हिशेब. मलाही तो पटला. आम्हा दोघांनाही दुसरं काही माहीत नव्हतं.

चनबसाप्पा आले, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. दुसरा कुणी आला नसता. पुढच्या सोमवारी भावाला घेऊन जीपनं कासारीवर आले. साठीचा माणूस, धोतर वर खोचून अडीच मैल दगडांतनं चालला, कुरकुर केली नाही. उंबराच्या सावलीत घोंगड्यावर बसले आणि म्हणाले, "करा तुमचं नेहमीचं. आम्ही नाही असं समजा."

बाळाप्पा पाण्यात उतरला. सकाळचे साडेनऊ. शिवप्रसाद पहिला तासभर बघत राहिले, मग म्हणाले, "एवढ्या वेळात मिरचीची चार पोती निवडून होतील." चनबसाप्पांनी त्यांना हातानं गप्प केलं. ते दोरीकडं बघत होते. एकदा मला हळूच म्हणाले, "हात छान आहे हो याचा."

साडेअकराला पाणी फुटलं. पीस गेलं आणि चकरी ओरडायला लागली. बाळाप्पा डोहाच्या काठाकाठानं पळत गेला, परत आला, गुडघ्यावर आपटला, उठला. अर्धा तास. मासा थकून बाजूला आला तेव्हा मी उभा राहिलो. इतका मोठा महाशीर मी त्या डोहात पाहिला नव्हता. आठ किलोचा तरी असेल. खवले रुपयाएवढे, सोनेरी, पाठीवर हिरवट.

बाळाप्पानं करंडा पाठीवर टाकला, वाकला, गळ काढला. नेहमीसारखा लगेच सोडला असता तर आज हे लिहीत बसलो नसतो.

"आणा इकडं," शिवप्रसाद म्हणाले. "तोंड फाटतं का नाही बघू दे की."

बाळाप्पानं मासा दोन्ही हातांवर उचलला आणि काठाशी आणला. आणि हा माणूस, जो दिवसाला दहा वाक्यं बोलत नसे, बोलायला लागला. नखी कशी घासली ते सांगितलं. ओठाला रक्त नाही ते बोटानं दाखवलं. पीस कसलं, तार कसली. चनबसाप्पांनी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर दिलं. शिवप्रसादांनी दुसरा विचारला. त्याला पहिल्यांदा कुणीतरी मोठा माणूस त्याच्या कामाचं विचारत होता. मुलीचं भलं त्या प्रत्येक उत्तरावर अवलंबून होतं. तो सांगत राहिला.

बोलताना श्वास धरता येत नाही.

माझ्या हे ध्यानात आलं तेव्हा मी ओरडलो, "बाळाप्पा, मासा!" त्यानं खाली बघितलं. त्याचा चेहरा बदलला. तो तसाच मागं वळून पाण्यात गेला, माशाचं तोंड प्रवाहाकडं केलं.

मासा आडवा झाला. त्यानं सरळ केला. पुन्हा आडवा. आधीच अर्धा तास झुंजलेला, वर उन्हात एवढा वेळ. बाळाप्पा त्याला पुढंमागं हलवत राहिला, कल्ल्यांतनं पाणी जावं म्हणून. पाऊण तास तो छातीएवढ्या पाण्यात उभा होता. कल्ले एकदोनदा उघडले, मग उघडले नाहीत. तरीही तो अजून थोडा वेळ हलवत होता.

मग मासा घेऊन वर आला आणि गवतावर ठेवला.

चनबसाप्पा उठून जवळ आले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाळाप्पा, तुम्ही खात नाही हे पटलं मला. सोडता हेही पटलं. पण खरं सांगतो, खात असता तर मला कमी वाईट वाटलं असतं. खाणाऱ्याला भूक तरी असते. तुम्ही याला कशासाठी ओढत होता?"

बाळाप्पाच्या धोतरातनं पाणी गळत होतं. तो म्हणाला, "मला येतंय म्हणून."

"म्हणजे हौस."

"हौस न्हवं."

"मग?"

ते त्याला सांगता येईना. मलाही आलं नाही. सात वर्षं विचार केलाय, आजही येत नाही. चनबसाप्पा चुकीचं बोलले असं मला म्हणता येत नाही, आणि ते बरोबर बोलले हे मला मान्य नाही.

"पोरीचा यात दोष नाही," चनबसाप्पा म्हणाले. "स्थळ मी मोडत नाही. पण हे बंद व्हायला पाहिजे. सावकाश घरी विचार करा, कळवा."

"सावकाश कशाला?" बाळाप्पा म्हणाला. त्यानं पाठीवरचा करंडा पुढं ओढला, उघडला, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. हात ओला होता. "ह्याच्या साक्षीनं सांगतो. पुन्हा नदीत पाय घालणार न्हाई."

"मी गळाचं म्हणालो. नदीचं नाही."

"मला नदी आन् गळ येगळं करता येत न्हाई."

जीप गेली. बाळाप्पानं दोरी चाकूनं तोडली, काठीचे दोन तुकडे केले. मला म्हणाला, "मासा तू घिऊन जा. खा. फुकट जाया नगो."

मी नेला. बायकोनं केला. चवीला चांगला होता, खोटं कशाला सांगू. चकरी त्यानं घरी नेऊन चुलीत घातली. सागवान चांगलं जळतं. शिवम्मानं त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं.

वैशाखात लग्न झालं. मांडवात बाळाप्पा नवा फेटा बांधून उभा होता, आल्या-गेल्याला पाणी देत होता. शिवप्रसादांनी चार माणसांत त्याच्या पाठीवर थाप मारली. "आमचे बीगर फार शिस्तीचे," म्हणाले. व्याह्याला बीगर म्हणतात तिकडं. बाळाप्पा हसला.

त्यानंतर त्याचे साचे बिघडले असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. बिघडले नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्याचा एक साचा फुटला नाही. सोमवारी तो घरात बसायचा. अंगणातली फरशी घासायचा. पंचगंगा घरापासून चालत पंधरा मिनिटं, तिकडंही जायचा नाही. पुलावरनं एसटी गेली तर खिडकीला पाठ करून आत बघायचा. मी एकदा म्हणालो, नुसतं काठावर बसायला काय झालं? म्हणाला, "केरबा, तू लई बोलतोस." पुढं दीड वर्ष मी त्याच्या घरी गेलो नाही.

मग पुन्हा जायला लागलो. दोघंही निवृत्त, दुसरं कोण होतं?

दोन हजार सहाच्या फाल्गुनात गेलो तेव्हा प्रेरणा माहेरी आली होती, मुलाला घेऊन. बाळाप्पा बाहेरच्या खोलीत नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. मी पाणी प्यायला आत गेलो. प्रेरणा चहा टाकत होती. शिवम्मा मठात गेलेली.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पांनी नदी सोडली ते माझ्या लग्नापायी ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"अव्वानं. परवा. मला तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही." तिनं गॅस बारीक केला. "सोमेश पुण्यात सगळं खातो, काका. मटण, मासे. लग्नाआधीपासून, कॉलेजात असल्यापासून. शिवप्रसादकाकांना माहीत होतं, त्यांनीच त्याला पहिल्यांदा ढाब्यावर नेलं होतं. मामंजींना माहीत नाही, त्यांना कळलं तर ते जेवण सोडतील. रविवारी सुरमई मीच तळते." ती माझ्याकडं बघत नव्हती. "अप्पांना सांगू का? आपण शपथ घेतली ती कुणासाठी, हे त्यांना कळायला नको?"

"नको," मी म्हणालो.

"का?"

"शपथ सोमेशला दिलेली न्हाई त्यानं. मोडणार न्हाई. नुसता जळंल."

तिनं कपात चहा ओतला. हात पुसले.

बाहेर आलो. नातू झोपला होता. बाळाप्पा एका हातानं त्याच्यावरच्या माश्या वारत होता.

"एवढा येळ काय बोलत हुती पोर?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई. चा झालाय म्हणली."

"मग आन की हिकडं," बाळाप्पा म्हणाला. "गार हुतंय."